कुत्र्याच्या शिकवणीसाठी पट्टा: निवड, माप आणि वापर

कुत्रा फिरायला नेताना ओढत सुटतो, हाक मारली तरी येत नाही, दारावरची बेल वाजली की भुंकून घर डोक्यावर घेतो, अशा तक्रारी घेऊन माणूस दुकानात गेला की त्याच्या हाती बहुधा ‘ट्रेनिंग कॉलर’ म्हणून एखादा पट्टा ठेवला जातो. या एकाच नावाखाली साधा बकलाचा पट्टा, मार्टिंगेल, तोंडावरून येणारा हेड कॉलर, गळा आवळणारी चोक चेन, आतल्या बाजूने काटे असलेला प्राँग कॉलर आणि रिमोटवर चालणारा विजेचा पट्टा असे एकमेकांशी फारसा संबंध नसलेले प्रकार विकले जातात. त्यांतले काही कुत्र्याला सांभाळून नेण्यासाठी खरोखरच उपयोगी आहेत, तर काही त्याला दुखवून गप्प करण्यासाठीच बनवलेले आहेत. कोणत्या कुत्र्याला कोणता पट्टा, कोणत्या मापाचा आणि कोणत्या पद्धतीने वापरावा, हे येथे सविस्तर सांगायचे आहे; ज्या पट्ट्यांची शिफारस मी करत नाही, त्यांच्याबाबतची कारणेही स्पष्टपणे मांडायची आहेत.

चांगल्यातला चांगला पट्टासुद्धा स्वतःहून कुत्र्याला वागणूक शिकवत नाही, हे आधीच लक्षात घ्यावे. पट्ट्यामुळे कुत्रा आपल्याजवळ सुरक्षित राहतो आणि नको ती कृती करण्याची त्याची संधी कमी होते. तेवढ्या अवधीत हवी ती कृती कोणती, हे आपण खाऊ, शब्द आणि सराव यांतून दाखवायचे असते. ज्या कृतीनंतर लगेच काही चांगले मिळते, ती कृती प्राणी पुन्हा करतो. येथे ‘लगेच’ म्हणजे एक-दोन सेकंदांच्या आत. ओढण्याची सवयही याच नियमाने लागलेली असते. कुत्र्याने जोर लावला, मागे माणूस फरफटत गेला आणि कुत्रा त्याला हुंगायच्या असलेल्या खांबापाशी पोहोचला, की ओढल्याने खांब मिळतो हा धडा त्याच्या डोक्यात पक्का होतो. दिवसातून दोनदा, महिनोन्महिने हा धडा आपणच गिरवून घेतलेला असतो, म्हणून तो मोडायलाही काही आठवडे द्यावे लागतात.

कोणत्या कुत्र्याला काय शोभते

पट्टा विकत घेण्यापूर्वी कुत्र्याच्या मानेचा विचार करावा. गळ्याच्या पुढच्या भागात, कातडीच्या अगदी खाली, स्वरयंत्र, श्वासनलिका, थायरॉइड ग्रंथी आणि मोठ्या रक्तवाहिन्या असतात, आणि ओढणाऱ्या कुत्र्याच्या पट्ट्याचा सगळा दाब नेमका तेथेच येतो. असा कुत्रा चालताना घरघरतो, खोकतो, कधी त्याची जीभ निळसर दिसू लागते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गळ्यातल्या पट्ट्याने ओढत असताना कुत्र्यांच्या डोळ्यांतील दाब वाढलेला आढळला. हार्नेस, म्हणजे छाती-पाठीवरून बांधायचा पट्टा, घालून ओढताना मात्र तो तसा वाढला नाही. त्यामुळे काचबिंदू असलेल्या किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याची दोरी गळ्याला लावू नये.

पग, शित्झू, फ्रेंच बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वास घ्यायला एरवीही कष्ट पडतात, त्यामुळे त्यांच्यासाठी छातीवरून जाणारा हार्नेस हाच योग्य पर्याय आहे. आपल्याकडे घरोघरी दिसणारा पॉमेरेनियन, तसेच यॉर्कशायर टेरियर आणि चिवावा या छोट्या जातींमध्ये श्वासनलिका दबून चपटी होण्याचा आजार बऱ्याचदा आढळतो. हंसाच्या आवाजासारखा कोरडा, ठसकेदार खोकला येत असेल, तर आधी पशुवैद्याकडे जावे आणि गळ्यातल्या पट्ट्यावर फक्त नाव व मोबाइल नंबरचा बिल्ला ठेवावा.

कारवान, मुधोळ, रामपूर हाउंड या शिकारी जातींची अडचण निराळी असते. त्यांचे डोके निमुळते आणि मान त्यामानाने जाड असल्यामुळे, कुत्रा घाबरून मागे सरकला की साधा पट्टा कानांवरून सटकन निघून येतो. रस्त्यावर फटाका फुटला आणि कुत्रा पट्ट्यातून निसटून रहदारीत गेला, तर पुढे काय होईल हे सांगायला नको. मार्टिंगेल अशाच कुत्र्यांसाठी आहे. त्यात एका मोठ्या वेढ्याला दुसरा छोटा वेढा जोडलेला असतो. दोरी ताणली गेली की छोटा वेढा मोठ्याला थोडासा आवळतो, पण ठरावीक मर्यादेपलीकडे आवळू शकत नाही. माप बरोबर असेल तर तो डोक्यावरून निघतही नाही आणि गळाही दाबत नाही. पूर्ण ताणल्यावरही मोठ्या वेढ्याच्या दोन टोकांच्या कड्या एकमेकींना टेकता कामा नयेत, त्यांच्यामध्ये साधारण दोन बोटांचे अंतर उरले पाहिजे. कड्या टेकत असतील तर पट्टा सैल आहे असे समजावे. मार्टिंगेल घालून कुत्र्याला घरात एकटे सोडू नये, कारण त्याचा लोंबणारा वेढा खिडकीच्या गजात किंवा दाराच्या कडीत अडकू शकतो.

लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर यांसारखा अंगाने दणकट कुत्रा घरातल्या वृद्ध व्यक्तीला आवरत नसेल, तर छातीवर पुढच्या बाजूला कडी असलेला हार्नेस किंवा हेड कॉलर यांपैकी एक निवडावा. पाठीवर कडी असलेला हार्नेस त्याच्या गळ्याला सुरक्षित असतो खरा, पण त्यामुळे कुत्र्याला सगळे अंग झोकून ओढणे अधिकच सोपे जाते. कडी छातीवर असली की कुत्रा ओढताच त्याचे अंग आपल्याकडे वळते आणि ओढण्याचा फायदा उरत नाही. रस्त्यावरून घरी आणलेल्या देशी कुत्र्याच्या बाबतीत मी पहिले काही महिने दोन ठिकाणी दोरी लावण्याचा सल्ला देते, एक टोक पट्ट्याला आणि दुसरे हार्नेसला. कारण यांतली अनेक कुत्री आधी कधी बांधली गेलेली नसतात आणि घाबरल्यावर उलटे चालत अंग सोडवण्यात ती फार तरबेज असतात.

माप आणि बसवण

शिंप्याचा टेप घेऊन मानेचे माप कुत्रा उभा असताना घ्यावे, बसलेला असताना नव्हे. पट्टा लावल्यावर त्याखाली दोन बोटे सहज, पण सपाट, जायला हवीत. छोट्या जातीच्या कुत्र्याला एका बोटाइतकी जागा पुरते. पॉमेरेनियन किंवा गोल्डन रिट्रीव्हर असेल तर केस बाजूला करून कातडीपाशी तपासावे, कारण दाट केसांमुळे घट्ट पट्टाही सैल वाटतो. पिल्लाचा पट्टा दर आठवड्याला तपासावा. मोठ्या जातींची पिल्ले इतक्या झपाट्याने वाढतात की पंधरवड्यात पट्टा रुतू लागतो. मानेभोवती कातडीत रुतलेल्या पट्ट्याखाली पू झालेली जखम आणि त्यात कुजलेले केस हे दृश्य पशुवैद्यांना नवे नाही, आणि ती जखम केसांत लपलेली असल्याने बहुतेक वेळा वास येऊ लागल्यावरच घरच्यांच्या लक्षात येते.

दोरी दीड ते दोन मीटर लांबीची, नायलॉनची किंवा सुती, हाताला न कापणारी असावी. बटण दाबून लांब-आखूड होणारी दोरी शिकवणीसाठी घेऊ नये, कारण तिच्यात सतत ताण असतो आणि दोरी ताणलेली असतानाच पुढे जायचे असे कुत्रा त्यातून शिकतो. लोखंडी साखळीही नको. ती जड असते, कुत्र्याने चावू नये म्हणून लोक ती घेतात, पण चावण्याची सवय खेळण्याने आणि सरावाने सुटते.

सैल दोरीवर चालणे

सराव घरातच सुरू करावा. लसीकरण पूर्ण व्हायचे असलेल्या पिल्लाला तर बाहेर नेऊच नये. त्याच्यासाठी दिवाणखाना आणि व्हरांडा पुरेसा आहे. खाऊचे तुकडे वाटाण्याएवढे करावेत: उकडलेले चिकन, उकडलेले अंडे, शाकाहारी घरात पनीर किंवा उकडलेला लाल भोपळा, नाहीतर त्याच्याच रोजच्या जेवणातला काही भाग. द्राक्षे, मनुका, चॉकलेट, कांदा आणि झायलिटॉल घातलेले बिनसाखरेचे पदार्थ कुत्र्याला विषारी असतात, म्हणून खाऊच्या डब्याला मुलांनी परस्पर हात लावू नये अशी ताकीद द्यावी.

पट्टा आणि दोरी लावून, कुत्र्याला आपल्या डाव्या किंवा उजव्या, पण दररोज त्याच बाजूला घेऊन एक पाऊल टाकावे. तो गुडघ्याशेजारी आला की ‘छान’ असा एकच ठरलेला शब्द उच्चारून खाऊ द्यावा, आणि खाऊ आपल्या विजारीच्या बाजूच्या शिवणीपाशी द्यावा, समोर हात लांब करून नव्हे; खाऊ जेथे मिळतो तेथेच कुत्रा घोटाळतो. एका पावलाची दोन, दोनांची पाच अशी वाढ करावी. एका वेळी तीन ते पाच मिनिटे पुरे, पण दिवसातून तीन-चार वेळा सराव व्हावा. दोरी ताणली गेली की जागच्या जागी थांबावे, काही बोलू नये, मागे खेचू नये, हात कमरेपाशी स्थिर धरावा. कुत्रा वळून पाहील किंवा अर्धे पाऊल मागे येईल आणि दोरीला झोल पडेल, त्या क्षणी ‘छान’ म्हणून पुढे निघावे. येथे पुढे जायला मिळणे हेच त्याचे बक्षीस आहे. तो खांब हुंगायला धडपडत असेल, तर सैल दोरीने चार पावले चालल्यावर त्याला मुद्दाम खांबापाशी नेऊन पोटभर हुंगू द्यावे. हुंगणे ही कुत्र्याची गरज आहे आणि ती शिकवणीच्या आड येत नाही, उलट तिचाच उपयोग करून घेता येतो.

घरात जमले म्हणजे रस्त्यावर जमेल असे समजू नये. सोसायटीत राहणाऱ्यांनी जिन्याचा मजला, मग रिकाम्या वेळेचे पार्किंग, मग फाटकाच्या आतला रस्ता आणि शेवटी बाहेरचा रस्ता असा क्रम ठेवावा. लिफ्ट हे अवघड ठिकाण आहे, कारण दार उघडताच समोर दुसरा कुत्रा किंवा लहान मूल असू शकते आणि मागे सरकायला जागा नसते. लिफ्टची वाट पाहताना कुत्र्याला दारापासून तीन-चार पावले दूर, भिंतीशी बसवावे, दार उघडून आतले बाहेर पडेपर्यंत त्याला एकेक तुकडा देत राहावे आणि मगच ‘चल’ म्हणावे. भटकी कुत्री अंगावर भुंकत आली तर दोरी करकचून ओढून धरू नये. आखडलेल्या दोरीमुळे आपल्या कुत्र्याची मान वर आणि छाती पुढे येते, आणि समोरच्या कुत्र्यांना ते आव्हान वाटते. दोरी आखूड पण झोल राहील अशी धरून, त्यांच्याकडे पाठ न करता, वळसा घेऊन निघून जावे.

हेड कॉलर सवयीचा करणे

हेड कॉलर हा बैलाच्या किंवा घोड्याच्या तोंडाला बांधतात त्या म्होरकीच्या तत्त्वावर चालतो: डोके जिकडे वळते तिकडे अंग वळते, त्यामुळे मोठ्या जनावराला कमी ताकदीत दिशा देता येते. १९८०च्या दशकात अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे पशुवैद्य आर. के. अँडरसन आणि कुत्र्यांच्या प्रशिक्षक रूथ फॉस्टर यांनी तयार केलेला हेड कॉलर पुढे बराच प्रसिद्ध झाला. आपल्याकडे मात्र लोक त्याला तोंडाला बांधायची जाळी समजतात आणि शेजारी विचारतात की कुत्रा चावतो का. हेड कॉलर घातलेला कुत्रा तोंड पूर्ण उघडू शकतो, पाणी पिऊ शकतो, खाऊ घेऊ शकतो, धापा टाकू शकतो, आणि आपल्या उन्हाळ्यात हे फार महत्त्वाचे आहे, कारण धापा टाकून अंग थंड ठेवणे हाच त्याचा मुख्य उपाय असतो.

बहुतेकांचा हेड कॉलर पहिल्याच दिवशी अपयशी ठरतो, कारण तो तोंडावर घालून कुत्र्याला सरळ रस्त्यावर नेले जाते. कुत्रा पंजांनी नाक खरवडतो, जमिनीवर लोळतो, आणि घरचे म्हणतात की आमच्या कुत्र्याला हा चालत नाही. त्याऐवजी पहिल्या दिवशी नाकपट्टीचा वेढा डाव्या हातात कडीसारखा उघडा धरावा आणि उजव्या हातातला खाऊ वेढ्याच्या पलीकडे धरावा. खाऊ घेण्यासाठी कुत्रा स्वतःहून नाक आत घालील. आपण वेढा त्याच्याकडे नेऊ नये, त्याने वेढ्याकडे यावे. त्याने खाऊ घेतला की वेढा काढून घ्यावा. असे आठ-दहा वेळा झाले की त्या दिवसाचे काम संपले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाक आत असतानाच पाठोपाठ चार-पाच तुकडे द्यावेत, म्हणजे नाक वेढ्यात राहण्याचा वेळ आपोआप वाढतो. मग कानांमागची पट्टी क्षणभर जुळवावी, खाऊ द्यावा, सोडावी. त्यानंतर जेवणाच्या वेळी हेड कॉलर घालून ताट पुढे ठेवावे आणि जेवण संपताच काढावा. एवढे झाल्यावर घरात दोरी लावावी. तरीही तो पंजा मारू लागला तर रागावू नये. त्याला हाक मारून चालते करावे, चार पावले नीट चालला की खाऊ द्यावा, आणि तो शांत असतानाच हेड कॉलर काढावा. या सगळ्याला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, आणि ते मनापासून द्यावेत.

कानांमागची पट्टी कानांच्या अगदी मागे, वर, आणि एकच बोट जाईल इतकी घट्ट असावी. नाकपट्टी मात्र सैल असावी. ती नाकाच्या ओल्या टोकापर्यंत सरकली पाहिजे पण त्यावरून निघता कामा नये, आणि डोळ्यांना टेकता कामा नये. हेड कॉलरवर दोरीला हिसका कधीही देऊ नये, आणि लांब दोरी त्याला कधीही लावू नये, कारण पळत सुटलेल्या कुत्र्याचे डोके अचानक मागे फिरले तर मानेच्या मणक्यांना इजा होऊ शकते. नाकपट्टी निसटली तर कुत्रा मोकळा होऊ नये, म्हणून हेड कॉलरची कडी आणि साधा पट्टा यांना जोडणारी छोटी पट्टी जरूर लावावी. चपट्या नाकाच्या जातींवर तो बसतच नाही, त्यामुळे तेथे हा विषय संपतो.

थरथरणारा पट्टा आणि बहिरा कुत्रा

रिमोटच्या पट्ट्यांमध्ये मी मनापासून स्वीकारते असा एकच प्रकार आहे, तो म्हणजे मोबाइलसारखी फक्त थरथर देणारा, वीज न देणारा पट्टा, आणि तोही बहिऱ्या कुत्र्यासाठी. डाल्मेशियन जातीत जन्मजात बहिरेपणा इतर जातींपेक्षा बराच जास्त आढळतो, आणि म्हातारपणी तर कोणत्याही कुत्र्याचे कान जाऊ शकतात. अशा कुत्र्याला पाठीमागून हाक देता येत नाही. येथे थरथर म्हणजे ‘माझ्याकडे बघ’ एवढीच सूचना, शिक्षा मुळीच नाही.

प्रथम पट्टा हातात धरून थरथर सुरू करावी आणि कुत्र्याला दुरून ती पाहू-हुंगू द्यावी, त्याच वेळी खाऊ द्यावा. मग पट्टा गळ्यात घालून, सर्वांत हलक्या पातळीवर, अर्धा सेकंद थरथर द्यावी आणि लगेच खाऊ द्यावा. कुत्रा दचकून अंग चोरत असेल, शेपूट पोटाखाली घालत असेल किंवा पट्टा दिसताच दूर जात असेल, म्हणजे सर्वांत हलकी थरथरही सहन होत नसेल, तर हा मार्ग सोडून हाताच्या खुणा आणि टॉर्चचा उजेड वापरावा. बहुतेक कुत्री काही दिवसांत थरथर जाणवताच मान वळवून मालकाचा चेहरा शोधू लागतात. तेथून पुढे ‘ये’, ‘बस’, ‘थांब’ हे हातांच्या खुणांनी शिकवता येते. बहिऱ्या कुत्र्याला मोकळ्या मैदानात सोडताना कुंपण हवे किंवा हार्नेसला लावलेली पाच ते दहा मीटरची लांब दोरी हवी.

चोक चेन, प्राँग आणि विजेचे पट्टे

हिमालयातले गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात, आणि ते काटे बाहेरच्या बाजूला असतात, बिबट्याने नरडे धरू नये म्हणून. प्राँग कॉलरमध्ये तेच काटे आत, कुत्र्याच्या मानेकडे वळवलेले असतात. चोक चेन, प्राँग आणि विजेचा पट्टा यांचे काम एकाच तत्त्वावर चालते: दुखणे टाळण्यासाठी कुत्रा कृती थांबवतो. हिसका आणि आज्ञा यांवर आधारलेली पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोलिस आणि लष्करी कुत्र्यांच्या प्रशिक्षणातून रूढ झाली, आणि आजही आपल्याकडे घरी येणारे अनेक ट्रेनर पहिल्याच दिवशी चोक चेन आणायला सांगतात. त्यांना नम्रपणे पण ठामपणे नकार द्यावा, असे माझे मत आहे.

याचे कारण निव्वळ दया हे नाही. दुखण्याचा संबंध कुत्रा कशाशी जोडील, हे आपल्या हातात नसते. शेजारच्या मुलाकडे पाहून भुंकणाऱ्या कुत्र्याला त्याच क्षणी झटका बसला, तर ‘भुंकू नये’ असे शिकण्याऐवजी ‘हे मूल दिसले की दुखते’ असे तो शिकू शकतो, आणि मग त्या मुलाविषयीचा त्याचा राग वाढतो. झटक्याने गुरगुरणे बंद झाले तर आणखी धोका आहे, कारण गुरगुरणे ही त्याने दिलेली पूर्वसूचना असते. ती सूचनाच बंद झाली की कुत्रा पुढच्या वेळी न सांगता चावतो.

अभ्यासांतूनही हेच दिसते. नेदरलँड्समध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पूर्वी विजेच्या पट्ट्याने शिकवलेली जर्मन शेफर्ड कुत्री झटका नसतानाही मालकाच्या सहवासात भीतीची लक्षणे दाखवत होती. पोर्तुगालमधील पोर्तो परिसरातील प्रशिक्षण शाळांमधल्या ९२ कुत्र्यांच्या २०२० सालच्या अभ्यासात, शिक्षेवर भर देणाऱ्या शाळांतील कुत्र्यांमध्ये तणावाच्या हालचाली आणि शिकवणीनंतरचे कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त आढळले. आणि इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाच्या त्याच वर्षीच्या, ६३ कुत्र्यांच्या अभ्यासात, हाक मारल्यावर येण्यासारख्या कामांतही विजेचा पट्टा बक्षिसाच्या पद्धतीपेक्षा सरस ठरला नाही. म्हणजे जो फायदा सांगून तो विकला जातो, तो फायदाही पदरात पडत नाही. वेल्सने २०१० साली अशा पट्ट्यांवर बंदी घातली. जर्मनी, ऑस्ट्रिया, डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या देशांतही त्यांचा वापर निषिद्ध आहे. भारतात १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे कलम ११ प्राण्याला अनावश्यक वेदना देणे आणि अवाजवी आखूड किंवा जड साखळीने बराच वेळ बांधून ठेवणे या दोन्ही गोष्टींना गुन्हा मानते.

भुंकणे थांबवण्यासाठी मिळणाऱ्या आपोआप चालणाऱ्या पट्ट्यांविषयी वेगळे सांगायला हवे, कारण सोसायटीतून तक्रार आली की हवालदिल झालेली माणसे हाच उपाय करतात. हे पट्टे गळ्याची थरथर ओळखून झटका देतात किंवा सिट्रोनेला या उग्र वासाच्या तेलाचा फवारा सोडतात. कुत्रा का भुंकतो आहे हे त्यांना कळत नाही. एकटे राहण्याच्या भीतीने भुंकणाऱ्याला, कंटाळून भुंकणाऱ्याला आणि चोराला पाहून भुंकणाऱ्याला सारखीच शिक्षा मिळते. दारावरच्या बेलसाठी सोपा उपाय आहे. बेलचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून अगदी हळू वाजवावा आणि वाजताच कुत्र्याच्या चटईवर खाऊ टाकावा. रोज थोडा थोडा आवाज वाढवावा. काही दिवसांनी बेल वाजताच कुत्रा दाराकडे न जाता चटईकडे धावू लागतो, आणि मग तेथे बसून राहण्याबद्दल त्याला खाऊ देता येतो. एकटेपणाच्या भीतीचे प्रकरण मात्र पट्ट्याने किंवा चटईने सुटत नाही, त्यासाठी प्राण्यांच्या वर्तनाचा अनुभव असलेल्या पशुवैद्याचीच मदत घ्यावी.

रोजची देखभाल आणि घरातली शिस्त

कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर ओला पट्टा गळ्यात राहिला तर खालची कातडी लाल होते, केस झडतात आणि बुरशी धरते. म्हणून फिरून आल्यावर पट्टा काढावा, मान टॉवेलने कोरडी करावी आणि पट्टा पंख्याखाली वाळवावा. पावसाळ्यापुरता चामड्याऐवजी लवकर वाळणारा नायलॉनचा पट्टा ठेवावा. पट्ट्याखाली गोचीड हमखास दडतात, तेव्हा पट्टा काढल्यावर बोटांनी मान चाचपून पाहावी. रात्री घरात कुत्र्याच्या गळ्यात काहीच नसले तरी चालते. अपवाद दिवाळीचा. फटाक्यांच्या दिवसांत घाबरलेला कुत्रा दार उघडे दिसताच पळतो, म्हणून त्या दिवसांत नंबराचा बिल्ला असलेला पट्टा घरातही ठेवावा, बाहेर नेताना दोन ठिकाणी दोरी लावावी, आणि फिरणे पहाटे उरकावे. घाबरलेल्या कुत्र्याला पट्ट्याने आवरण्याचा किंवा ‘शिकवण्याचा’ प्रयत्न करू नये. भीतीत त्याला जवळ घेतल्याने त्याची भीती वाढत नाही, तेव्हा तो मांडीत शिरू पाहत असेल तर शिरू द्यावे.

शिकवणी बहुतेक घरांत फसते ती माणसांच्या विसंगतीमुळे. आईबरोबर कुत्रा सैल दोरीवर चालतो, आजोबांना ओढत नेतो, आणि सकाळी फिरवायला येणारा मुलगा घाईत असल्यामुळे त्याला ओढू देतो. त्या मुलाला एखादा दिवस सोबत घेऊन थांबण्याची आणि खाऊ देण्याची पद्धत प्रत्यक्ष दाखवावी, खाऊची पुडी त्याच्या हाती द्यावी, आणि ज्याला हे जमत नाही त्याने छातीवर कडी असलेला हार्नेसच वापरावा असे ठरवून टाकावे. कुत्र्याशी बोलायचे शब्दही घरात एकच असावेत. कोणी ‘ये’, कोणी ‘कम’, कोणी ‘इकडे’ म्हणू लागले तर त्या बिचाऱ्याला कळायचे कसे.

कुत्रा ओठ चाटत असेल, झोप आलेली नसताना जांभया देत असेल, मान वळवत असेल किंवा पट्टा हातात घेताच कोपऱ्यात जाऊन बसत असेल, तर पट्टा टोचतो आहे किंवा शिकवणी झेपत नाही असे समजून त्या दिवशी तेथेच थांबावे. अचानक ओढणे किंवा अचानक चिडणे सुरू झाले असेल, तर कान, दात, मान आणि सांधे यांची तपासणी करून घ्यावी.

हेड कॉलर किंवा हार्नेसवरून साध्या पट्ट्यावर परतण्याची वेळ साधारण दोन-तीन महिन्यांनी येते, जेव्हा संपूर्ण फेरीत दोरी क्वचितच ताणली जाते. तेव्हा दोन्ही टोकांना कडी असलेली दोरी घ्यावी, एक टोक हेड कॉलरला आणि दुसरे साध्या पट्ट्याला लावावे, आणि ओळखीच्या, शांत रस्त्यावर पट्ट्याच्या बाजूनेच चालवावे. हेड कॉलरची बाजू सैल ठेवून फक्त गरजेपुरती वापरावी. आठवडाभर ती बाजू वापरावी लागली नाही, की त्या रस्त्यावर हेड कॉलर घरी ठेवता येतो. बाजाराचा रस्ता, पशुवैद्याचा दवाखाना आणि गणपतीच्या मिरवणुकांचे दिवस यांसाठी तो पुढेही बरोबर असू द्यावा, आणि अधूनमधून घरात घालून खाऊ देत राहावे, म्हणजे गरज पडेल तेव्हा कुत्रा तो आनंदाने घालून घेईल.